खेकड्यांचा आकडा: काही गैरसमज, काही वस्तुस्थिती

झाकण नसलेल्या टोपलीची गोष्ट मराठी माणसाला नव्यानं सांगावी लागत नाही. एक खेकडा वर चढू लागला की बाकीचे त्याचा पाय ओढतात, म्हणून टोपलीला झाकण लागत नाही. सभेत, पंगतीत, कचेरीतल्या भांडणात ही गोष्ट आपण इतक्यांदा ऐकलेली असते की ती खेकड्याविषयीची माहितीच वाटू लागते. टोपलीत कोंडलेला खेकडा नांग्यांना जे लागेल ते घट्ट धरतो, एवढंच खरं. पाय ओढण्याचा अर्थ आपण त्याला चिकटवला आहे.

जगभरच्या खेकड्यांच्या धंद्याबद्दलही असंच झालं आहे. ‘अमुक देशात उत्पादन कोसळलं’, ‘तमुक किनाऱ्यावर खेकड्यांचा सुळसुळाट’ अशा बातम्या येतात आणि आपण लगेच अर्थ लावून मोकळे होतो. पण उत्पादनाचा आकडा म्हणजे समुद्रातल्या खेकड्यांची शिरगणती नव्हे. बंदरावर किती माल उतरला आणि तळ्यातून किती निघाला, एवढंच तो सांगतो. तो माल का वाढला किंवा का घटला, हे कळायला पाण्याचं तापमान, सरकारचे नियम, बाजारातला भाव आणि काम करणाऱ्यांचे हात, हे सगळं बघावं लागतं. नेहमी कानावर येणारे काही समज म्हणूनच एकेक करून तपासू.

गैरसमज १: जगातले सर्वांत जास्त खेकडे अलास्काच्या बर्फाळ समुद्रातून येतात.

वस्तुस्थिती: हा समज टीव्हीनं घरोघरी पोचवला. ‘डेडलिएस्ट कॅच’ ही मालिका २००५ साली सुरू झाली. बर्फानं मढलेले डेक, तीनशे किलोंहून जड लोखंडी पिंजरे आणि डोंगराएवढ्या लाटा तिनं जगाला दाखवल्या. ते कष्ट आणि तो धोका खराच आहे, पण वजनाच्या हिशेबात अलास्का फार मागं आहे.

पहिला क्रमांक चीनचा, आणि त्यातला मोठा वाटा समुद्रातला नाहीच. नांग्यांवर केसांचे दाट झुबके असलेला, हातमोजे घातल्यासारखा दिसणारा ‘मिटन क्रॅब’ तिथं तळ्यांत, सरोवरांत आणि भातखाचरांतही वाढवला जातो. २०२० साली या एकाच जातीचं चीनमधलं उत्पादन पावणेआठ लाख टनांच्या आसपास होतं. त्याच सुमारास, २०२०-२१ च्या हंगामात, अलास्काच्या बेरिंग समुद्रात स्नो क्रॅब पकडण्याची मर्यादा होती साडेचार कोटी पौंड, म्हणजे सुमारे वीस हजार टन. चीनच्या त्या एका जातीच्या तीन टक्केही ते भरत नाही.

मिटन क्रॅबचं आयुष्य मोठं मजेशीर असतं. तो वाढतो गोड्या पाण्यात, पण अंडी घालायला त्याला नदीमुखाचं खारट पाणी लागतं. म्हणून पिल्लं किनाऱ्याजवळच्या केंद्रांत काढतात आणि वाढायला आतल्या भागातल्या तळ्यांत नेतात. सूचौ शहराजवळच्या यांगछंग सरोवरातल्या खेकड्यांना सर्वांत मान. चांद्र पंचांगातल्या नवव्या महिन्यात माद्या खाव्यात आणि दहाव्यात नर, असा तिथला जुना रिवाज आहे. समुद्रातून पकडलेल्या खेकड्यांतही आघाडी आशियाचीच. चीन, कोरिया आणि जपानच्या किनाऱ्यांवरचा गझामी हा पोहणारा खेकडा जगात वजनानं सर्वाधिक पकडला जाणाऱ्या जातींपैकी एक आहे. इंडोनेशिया, व्हिएतनाम, फिलिपिन्स हेही मोठे उत्पादक. कॅनडा, अमेरिका आणि रशिया हे देश नाव कमावतात ते थंड पाण्यातल्या महागड्या खेकड्यांमुळे.

गैरसमज २: उत्पादन कोसळलं की समजावं, मच्छीमारांनी ओरबाडलं.

वस्तुस्थिती: कधी ते खरं असतं, पण नेहमी नाही. बेरिंग समुद्रातल्या स्नो क्रॅबचं जे झालं, ते या धंद्यातल्या प्रत्येकानं नीट समजून घ्यावं असं आहे. २०१८ च्या पाहणीत हे खेकडे विक्रमी संख्येनं दिसले. २०२० ची पाहणी कोविडमुळे झाली नाही. २०२१ मध्ये शास्त्रज्ञांची जहाजं पुन्हा गेली, तर खेकडे गायब! एकूण घट दहा अब्जांहून अधिक. २०२२ च्या ऑक्टोबरात इतिहासात पहिल्यांदाच तो हंगाम बंद ठेवला गेला आणि पुढच्या वर्षीही तो उघडला नाही.

तिथं पकडीला मर्यादा होती, फक्त मोठे नर उचलले जात होते. मग झालं काय? २०१८-१९ मध्ये त्या समुद्रात उष्णतेची लाट आली. स्नो क्रॅबची पिल्लं तळाशी दोन अंश सेल्सिअसपेक्षा गार पाण्याच्या पट्ट्यात वाढतात. पाणी तापलं की खेकड्याच्या शरीराला जास्त अन्न लागतं. खाणारी तोंडं विक्रमी, भूक वाढलेली आणि अन्न तेवढंच. २०२३ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेल्या अभ्यासानं निष्कर्ष काढला, की हे खेकडे बहुधा उपासमारीनं मेले.

त्याची झळ लागली ती सेंट पॉलसारख्या बेटाला. तिथल्या गावाचं उत्पन्न मुख्यतः खेकड्यांवरच्या करातून येत असे. २०२४ मध्ये हंगाम पुन्हा उघडला, पण मर्यादा ठेवली जेमतेम ४७ लाख पौंडांची. चार वर्षांपूर्वीच्या मानानं ती एक दशांशाच्या आसपास होती.

म्हणून मासेमारीला निर्दोष ठरवावं, असंही नाही. अलास्कातल्याच ब्रिस्टल बेमध्ये रेड किंग क्रॅबची पकड १९८० साली सुमारे तेरा कोटी पौंडांवर गेली आणि १९८३ मध्ये हंगाम बंद करावा लागला. कोडियाक बेटाजवळचा रेड किंग क्रॅबचा हंगाम तर तेव्हा बंद झाला, तो आजवर उघडलेला नाही. तिथं पकड किती जबाबदार आणि बदलतं पाणी किती, यावर अभ्यासक आजही वाद घालतात.

गैरसमज ३: खेकडे वाढले म्हणजे समुद्र सुदृढ आहे.

वस्तुस्थिती: खेकड्यांची भरभराट हे कधीकधी दुसऱ्या कुणाच्या तरी ऱ्हासाचं लक्षण असतं.

कॅनडाच्या न्यूफाउंडलंडचं उदाहरण घ्या. शतकानुशतकं तिथलं जगणं कॉड माशावर चाललं. तो साठा संपत आल्यावर २ जुलै १९९२ रोजी सरकारनं कॉडच्या मासेमारीवर बंदी घातली आणि सुमारे तीस हजार माणसं एका दिवसात बेकार झाली. खेकडे खाणारा कॉड कमी झाला, पाणीही त्या काळात थंड होतं. स्नो क्रॅब आणि कोळंबी वाढली. पुढं खेकडाच त्या प्रांताचा सर्वांत मोलाचा माल झाला. आज कॅनडा स्नो क्रॅबचा जगातला सर्वांत मोठा उत्पादक आहे. पण त्या आकड्याच्या पोटात कॉडचा अंत आहे.

रशिया आणि नॉर्वेची गोष्ट आणखी वेगळी. १९६० च्या दशकात सोव्हिएत शास्त्रज्ञांनी रेड किंग क्रॅब पॅसिफिक किनाऱ्यावरून उचलून मुरमान्स्कजवळ बॅरेंट्स समुद्रात सोडला. पाय पसरले तर दीड मीटरहून जास्त भरणारा हा प्राणी पश्चिमेकडं सरकत नॉर्वेत पोचला. तळाशी दिसेल तो जीव तो खातो. पण त्याला भावही मिळतो, म्हणून नॉर्वेनं एक तोडगा अंगीकारला. २६ अंश पूर्व रेखांशाच्या पूर्वेला मर्यादा घालून साठा टिकवायचा आणि पश्चिमेला पसरू नये म्हणून वाटेल तितके पकडू द्यायचे. एकाच देशात, एकच जात, एका बाजूला ठेव आणि दुसऱ्या बाजूला उपद्रव.

इटलीनं २०२३ मध्ये उपद्रवाचाच अनुभव घेतला. अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावरचा ब्लू क्रॅब पो नदीच्या मुखाशी प्रचंड वाढला आणि गोरो, कोमाक्क्यो भागातल्या शिंपल्यांच्या शेतीवर तुटून पडला. तिथली अनेक कुटुंबं शिंपल्यांवर जगतात. सरकारनं हे खेकडे पकडून नष्ट करायला २९ लाख युरो मंजूर केले. जाळी भरून खेकडे निघत होते आणि लोक रडत होते.

गैरसमज ४: माद्या सोडून फक्त नर पकडले की साठा कधीच संपत नाही.

वस्तुस्थिती: नियम चांगला आहे, पण तो पुरेसा नाही. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर धंद्यासाठी डंजनेस क्रॅबचे फक्त नर आणि तेही सव्वासहा इंचांहून रुंद पाठीचेच पकडता येतात. त्या आकाराला येईपर्यंत नरानं एखाद-दोन हंगाम प्रजनन केलेलं असतं. म्हणूनच दरवर्षी जवळजवळ सगळे मोठे नर उचलले जाऊनही हा धंदा चढउतारांसह अनेक दशकं टिकून आहे. पण बेरिंग समुद्रातही नरच पकडले जात होते. पाणीच तापल्यावर नियमाचा उपयोग झाला नाही.

उलट उदाहरण अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या चेसापीक उपसागराचं. इटलीत उपद्रव ठरलेला ब्लू क्रॅब मूळचा इथला आणि इथं मात्र तो सांभाळावा लागतो. व्हर्जिनिया आणि मेरीलँडचे मच्छीमार नर आणि माद्या दोन्ही पकडतात. मीलन झाल्यावर माद्या उपसागराच्या तोंडाशी खाऱ्या पाण्याकडं जातात आणि हिवाळ्यात तिथल्या चिखलात पुरून घेतात. व्हर्जिनियात त्या लोखंडी फाळाच्या जाळ्यांनी उकरून काढल्या जात. २००८ मध्ये दोन्ही राज्यांनी मिळून माद्यांची पकड ३४ टक्क्यांनी घटवायचं ठरवलं आणि ती हिवाळी पकड बंद झाली. चार वर्षांत, २०१२ मध्ये, खेकड्यांची संख्या ७६ कोटींवर गेली. मात्र ती तिथं टिकली नाही. २०२२ मध्ये ती २२ कोटी ७० लाखांवर, मोजणी सुरू झाल्यापासूनच्या नीचांकावर आली. २०२५ ची मोजणीही २३ कोटी ८० लाखांचीच.

हे आपल्याला कळतं, कारण तिथं १९९० पासून दर हिवाळ्यात सुमारे दीड हजार ठिकाणी चिखल खरवडून खेकडे प्रत्यक्ष मोजतात. बाजारातल्या पावत्या नव्हे, समुद्राचा तळ मोजतात. ज्या देशाजवळ अशी मोजणी नाही, त्याला संकट कळतं तेव्हा उशीर झालेला असतो.

गैरसमज ५: खेकड्याचा भाव वाढला की मच्छीमाराचं भलं होतं.

वस्तुस्थिती: २०१९ साली जपानच्या तोत्तोरीत हंगामाच्या पहिल्या लिलावात एक स्नो क्रॅब ५० लाख येनला गेला. असे आकडे मथळ्यात येतात. पण २०२३ च्या वसंतात न्यूफाउंडलंडच्या मच्छीमारांना पौंडाला २ डॉलर २० सेंट देऊ केले गेले. आदल्या वर्षीचा हंगाम साडेसात डॉलरांच्या पुढं उघडला होता. एवढ्या भावात बोटीचं इंधनही सुटत नाही, म्हणून त्यांनी सहा आठवडे बोटी बांधून ठेवल्या. समुद्रात खेकडे होते, पिंजरे तयार होते, पण उत्पादन शून्य. पुढच्या मार्चमध्ये त्यांनी प्रांताच्या विधानसभेला घेराव घातला आणि अर्थसंकल्पच पुढं ढकलावा लागला.

इंडोनेशियाच्या जावा आणि मदुरा बेटांच्या किनाऱ्यांवर दुसरं चित्र दिसतं. छोट्या होड्यांतून आलेले निळे पोहणारे खेकडे उकडले जातात आणि गावातल्या बायका लहान शेडमध्ये बसून त्यांचं मांस सोलतात. पोहण्याच्या मागच्या पायांच्या मुळाशी मांसाचे दोन मोठे गोळे असतात. एका खेकड्यातून असे दोनच निघतात. ते मोडले की त्यांची किंमत घसरते, म्हणून बोटं हळुवार चालवावी लागतात. हे मांस डबाबंद होऊन मुख्यतः अमेरिकेला जातं. तिथल्या उपाहारगृहात मेरीलँडच्या नावानं मिळणाऱ्या क्रॅब केकमध्ये पुष्कळदा हेच असतं. त्या बायकांना मजुरी मिळते ती सोललेल्या किलोवर.

गैरसमज ६: आयात बंद केली की त्या देशातली मासेमारी थांबते.

वस्तुस्थिती: मार्च २०२२ मध्ये, युक्रेन युद्ध सुरू झाल्यावर, अमेरिकेनं रशियाचा समुद्री माल घेणं बंद केलं. तोवर रशियाचा किंग क्रॅब आणि स्नो क्रॅब अमेरिकेत मोठ्या प्रमाणावर जात असे. बंदीनंतर त्याची वाट बदलली आणि जिवंत खेकडे चीन, दक्षिण कोरियाकडं अधिक वळले. आयात-निर्यातीच्या आकड्यावरून समुद्रातल्या साठ्याचा अंदाज बांधू नये, तो याचसाठी.

गैरसमज ७: खेकडेपालन वाढलं की समुद्रातल्या आणि खाडीतल्या खेकड्यांवरचा ताण आपोआप संपतो.

वस्तुस्थिती: बीज कुठून येतं, यावर सगळं अवलंबून आहे. चीननं मिटन क्रॅबची पिल्लं केंद्रांत काढायचं तंत्र पक्कं केलं, म्हणून तिथलं पालन इतकं फोफावलं. आपल्या खाडीतल्या काळ्या चिंबोरीचं तसं नाही. तिचं पालन बांगलादेशच्या सुंदरबन पट्ट्यापासून फिलिपिन्सपर्यंत चालतं, पण बऱ्याच ठिकाणी पिल्लं कांदळवनातूनच गोळा करतात. कात टाकून नुकत्याच बाहेर आलेल्या, आत पाणी भरलेल्या चिंबोऱ्या आणून काही आठवडे खाऊ घालायचं आणि भरल्या की विकायच्या, हा दुसरा प्रकार. तिथंही मूळ जीव खाडीचाच आणि त्याचं खाणं म्हणजे बहुतेक वेळा कमी भावाची मासळी. शिवाय चिंबोरी एकमेकींना खाते, त्यामुळं पिल्लांतली नासाडी मोठी.

भारतात राजीव गांधी मत्स्यपालन केंद्रानं तमिळनाडूत चिंबोरीचं बीज काढणारं केंद्र उभारलं. महाराष्ट्रातही कांदळवन कक्षानं सिंधुदुर्गासारख्या भागांत खाडीकाठच्या बचत गटांना खेकडेपालनाशी जोडलं. या प्रयत्नांना माझा मनापासून पाठिंबा आहे, कारण कांदळवन राखलं तर उत्पन्न मिळतं, हे त्यातून गावाला दिसतं. पण बीज केंद्रातून येईल तेवढंच हे पालन खाडीचा भार हलका करील. बाकीचं म्हणजे खाडीतलाच खेकडा पिंजऱ्यात ठेवून विकणं.

गैरसमज ८: ‘क्रॅब स्टिक’ म्हणजे खेकडा.

वस्तुस्थिती: ती पोलॉकसारख्या पांढऱ्या माशाच्या लगद्यापासून बनते, कडेला लाल रंग लावतात. खेकड्याच्या उत्पादनाशी तिचा संबंध नाही.

गैरसमज ९: अमावास्येला खेकडा भरलेला, पौर्णिमेला पोकळ.

वस्तुस्थिती: हा समज आपल्या घरातला आहे आणि तो निव्वळ चंद्रावर टाकता येत नाही. खेकडा भरलेला की पोकळ, हे थेट ठरतं त्यानं कात कधी टाकली यावर. जुनं कवच सोडल्यावर तो पाणी घेऊन फुगतो, नवं कवच मोठं होतं, पण आत मांस भरायला वेळ लागतो. म्हणून तिथी विचारण्यापेक्षा खेकडा हातात घेऊन बघावा. आकाराच्या मानानं जड लागला आणि पोटाकडचं कवच अंगठ्यानं दाबल्यावर दबलं नाही, तर तो भरलेला.

मुरलेल्या कोळणी हे न सांगता करतात. मावशी चिंबोरी उचलतात, उलटी करतात आणि पोटावरची झडप दाखवतात. अरुंद, टोकदार असेल तर नर. रुंद, गोलसर असेल तर मादी. मादीच्या कवचाआड जी केशरी लाख असते, तिच्यासाठी आपण जादा पैसे मोजतो. पण कधीकधी झडपेखाली बाहेर अंड्यांचा स्पंजासारखा गोळा लटकलेला दिसतो. ताजा असताना तो केशरी असतो आणि पिल्लं बाहेर पडायच्या बेताला आली की काळपट होतो. त्यात लाखो अंडी असतात. मादी समुद्रात सोडली तर थोड्या दिवसांत ती अंडी फुटतील. टोपलीत राहिली तर एकही नाही.

इंडोनेशियानं २०१५ मध्ये हेच ओळखून अंडीवाल्या माद्या आणि दहा सेंटिमीटरपेक्षा लहान निळे खेकडे पकडायला मनाई केली. आपल्याकडं १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. पण बाजारात रोजचा नियम गिऱ्हाईकच घालतो. तेव्हा यापुढं टोपलीपुढं उभे राहाल, तर चिंबोरी उलटी करून बघा. झडपेखाली अंड्यांचा गोळा असेल, किंवा चिंबोरी तळहातात मावेल एवढी लहान असेल, तर ती घेऊ नका आणि मावशींना कारण सांगा. चेसापीकनं माद्या राखल्या, तेव्हा चार वर्षांत खेकडे वाढले होते.